कागदावर आखलेला थरार

रहस्यपटाची पहिली दोन मिनिटे ही दिग्दर्शकाची खरी कसोटी असते. प्रेक्षक नुकताच खुर्चीत टेकलेला असतो, पात्रे त्याच्या ओळखीची नसतात, गोष्ट कुठल्या दिशेने जाणार याची त्याला कल्पना नसते. आणि तरीही त्याच्या मनात धास्ती निर्माण करायची असते. ब्रिटनमध्ये माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे नेमके हेच काम दिले जाई. संपूर्ण चित्रपट नव्हे, तर श्रेयनामावलीसह केवळ सुरुवातीची दोन मिनिटे. हाताशी साधा कॅमेरा, वर्गमित्र हेच नट आणि खर्चाला जवळजवळ काहीच नाही. अशा विद्यार्थ्याने कोणाकडून शिकावे, असा प्रश्न केल्यास पहिले नाव ओठांवर येते ते आल्फ्रेड हिचकॉकचे.

हिचकॉकला जाऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. स्थूल देह, काळा सूट, निर्विकार चेहरा आणि स्वतःच्याच चित्रपटात क्षणभर चमकून जाण्याची हौस, एवढे त्याच्याविषयी बहुतेकांना ठाऊक असते. ज्याची चर्चा कमी होते ती गोष्ट अशी की, हा माणूस चित्रपटसृष्टीत आला तो कॅमेरा घेऊन नव्हे, पेन्सिल घेऊन. आणि त्याचा स्वतःचा पहिला चित्रपट पैशांअभावी अर्धवट राहिला.

१३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या पूर्वेकडील लेटनस्टोन येथे त्याचा जन्म झाला. वडील विल्यम भाजीपाला, फळे व कोंबड्या विकत. घर कॅथलिक, शिस्तीचे. तीन भावंडांत धाकटा असलेला आल्फ्रेड एकलकोंडा होता; नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके वाचण्यात रमणारा. लहानपणी वडिलांनी आपल्याला चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठविले आणि तिथल्या अंमलदाराने काही मिनिटे कोठडीत बंद केले, ही गोष्ट तो आयुष्यभर सांगत राहिला. ती तंतोतंत तशीच घडली का, याविषयी चरित्रकारांनी शंका घेतली आहे. परंतु पोलिसांची त्याला वाटणारी भीती मात्र खरी होती, आणि गुन्हा न करता पकडला जाणारा माणूस त्याच्या चित्रपटांत पुनःपुन्हा येत राहिला.

त्याहून महत्त्वाची वाटते ती शाळेतली आठवण. जेझुइट पाद्र्यांच्या सेंट इग्नेशियस शाळेत चुकलेल्या मुलाला छडी मिळे; मात्र ती दिवसात केव्हा खायची हे मुलाने स्वतःच ठरवायचे असे. साहजिकच मुले ती शेवटपर्यंत लांबवीत आणि दिवसभर मनातल्या मनात भोगीत. छडी क्षणात संपते, वाट पाहणे संपत नाही, हे गणित त्याला तिथे उमगले असावे.

१९१४ च्या डिसेंबरात वडील वारले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. शिक्षण सुटले आणि हेन्ली या तारा बनविणाऱ्या कंपनीत तो कारकुनी करू लागला. संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग चालू होते. त्या जोरावर तो कंपनीच्या जाहिरात विभागात गेला. कंपनीच्या अंतर्गत मासिकात १९१९ साली त्याची एक छोटी कथा छापून आली. पॅरिसच्या गल्लीबोळांत गुंडांच्या हाती सापडलेली एक स्त्री, तिला नदीत फेकून देणे आणि शेवटी उलगडणारे सत्य की, ती दंतवैद्याच्या खुर्चीत भूल उतरत असलेली रुग्ण आहे. एकोणीस वर्षांच्या कारकुनाने लिहिलेल्या या पानभर कथेत पुढचा हिचकॉक बीजरूपाने दिसतो : आधी भीती, मग खट्याळ हसू.

याच सुमारास एका अमेरिकन चित्रपट कंपनीने लंडनच्या इझलिंग्टन भागात स्टुडिओ उघडला. तिथे कोणती कादंबरी पडद्यावर येणार आहे हे हिचकॉकने शोधून काढले, ती वाचली आणि तिच्यासाठी मजकुराचे फलक रेखाटून तो स्टुडिओत हजर झाला. मूकपटांत संवाद व निवेदन लिहिलेले हे फलक दृश्यांच्या मधे दाखविले जात. कंपनीचा बेत तोवर बदलला होता, पण काम मिळाले. उधळपट्टी करणाऱ्या पात्राविषयीच्या मजकुराखाली दोन्ही टोकांनी जळणारी मेणबत्ती काढायची, असे हे काम. शब्दाचे चित्र करणे हाच त्याचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, फलक बदलले की फसलेले गंभीर नाटक चक्क विनोदी चित्रपट म्हणून खपविता येते. चित्राचा अर्थ त्याच्या शेजारी काय ठेवले आहे यावर ठरतो.

१९२२ साली त्याला दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली. ‘नंबर थर्टीन’ नावाचा हा चित्रपट लंडनमधल्या गरीब भाडेकरूंविषयी होता. पैसे संपले. त्याच्या काकांनी पदरचे घातले, मुख्य भूमिका करणाऱ्या क्लेअर ग्रीट या प्रौढ अभिनेत्रीनेही घातले, तरी पुरले नाहीत. काम थांबले, आणि जे थोडेफार चित्रित झाले होते तेही आज उपलब्ध नाही. हा अनुभव तो विसरला नाही. क्लेअर ग्रीटला पुढे त्याने आपल्या अनेक चित्रपटांत छोट्या-मोठ्या भूमिका दिल्या. आणि चित्रीकरणाला उभे राहण्यापूर्वी सारे काही कागदावर उतरले पाहिजे, हा त्याचा पुढचा हट्ट पाहिला की, या अपयशाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ज्याच्याकडे रीळ वाया घालवायला पैसे नाहीत, त्याने चुका पेन्सिलीने कराव्यात आणि खोडरबराने पुसाव्यात, हे उघड आहे.

यानंतर कलादिग्दर्शक, पटकथालेखक, साहाय्यक दिग्दर्शक अशी सगळी कामे त्याने केली. याच काळात अल्मा रेव्हिल त्याच्या आयुष्यात आली. ती त्याच्याहून एका दिवसाने लहान. परंतु चित्रपटाच्या धंद्यात त्याच्या बरीच आधी आलेली आणि संकलनात मुरलेली. हुद्द्याने ती वरचढ असेपर्यंत तिच्याशी बोलण्याचे धैर्य हिचकॉकला झाले नाही, असे सांगतात. १९२४ मध्ये एका चित्रपटाच्या कामासाठी दोघे बर्लिनजवळच्या उफा स्टुडिओत गेले. तिथे एफ. डब्ल्यू. मुर्नाउ ‘द लास्ट लाफ’ हा चित्रपट करीत होता. मजकुराचे फलक जवळजवळ न वापरता, केवळ कॅमेऱ्याच्या हालचालीने गोष्ट सांगणारा हा चित्रपट घडताना हिचकॉकने जवळून पाहिला. फलक रंगवून पोट भरणाऱ्या माणसाने फलकाशिवाय भागते हे पाहावे, याला योगच म्हटले पाहिजे.

‘द लॉजर’ हा त्याचा खऱ्या अर्थाने पहिला ‘हिचकॉकपट’. चित्रीकरण १९२६ चे, प्रदर्शन १९२७ चे. लंडनच्या धुक्यात सोनेरी केसांच्या मुलींचे खून होत आहेत आणि एका घरात नवा भाडेकरू राहायला येतो, एवढेच कथासूत्र. मात्र त्याची सुरुवात शंभर वर्षांनंतरही अभ्यासण्यासारखी आहे. पडदा उजळतो तो किंचाळणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर. तिला काचेवर झोपवून, केस पसरवून खालून प्रकाश सोडला होता. त्यामुळे डोक्याभोवती सोनेरी वलय दिसते. खुनी दिसत नाही, शस्त्र दिसत नाही. त्यानंतर दिसते ती बातमी. रस्त्यावरची गर्दी, प्रत्यक्षदर्शी बाई, फोनकडे धावणारा बातमीदार, छपाईयंत्रे, अंक वाहून नेणारी गाडी, रेडिओ ऐकणारे चेहरे, चौकातला विजेचा फलक. अंकांच्या गाडीला मागे दोन गोल खिडक्या आहेत. आत बसलेल्या दोघांची डोकी गाडीबरोबर डुलतात आणि गाडीच डोळे फिरवीत शहर पाहत असल्याचा भास होतो. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला हा भाग विशेष अस्वस्थ करतो, कारण येथे भय पसरविणारा खुनी नाही, आपला धंदा आहे. कार्यालयाच्या दृश्यात पाठमोरा बसलेला जाडसर माणूस म्हणजे स्वतः हिचकॉक. पडद्यावर झळकण्याची त्याची ही पहिली खेप.

आणि हा चित्रपट जवळजवळ पुरला गेला होता. वितरक सी. एम. वुल्फ यांना तो अगम्य वाटला आणि त्यांनी तो फडताळात ठेवला. आधीचे दोन चित्रपटही तोवर प्रदर्शित झालेले नव्हते. हिचकॉक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, लग्न ठरलेले होते, आणि त्याच्या नावावर प्रेक्षकांनी पाहिलेले काहीच नव्हते. निर्माते मायकेल बाल्कन यांनी आयव्हर माँटेग्यू या तरुण समीक्षकाला दुरुस्तीसाठी बोलावले. त्याने मजकुराचे फलक मोठ्या प्रमाणात कमी केले, काही दृश्ये पुन्हा घ्यायला सुचविली आणि शीर्षकांचे रेखाटन नामवंत चित्रकार मॅकनाइट कॉफर यांच्याकडे दिले. सप्टेंबर १९२६ मध्ये पत्रकारांना चित्रपट दाखविला गेला आणि हिचकॉकचे नाव झाले. २ डिसेंबरला अल्माशी त्याचा विवाह झाला. एकट्याच्या प्रतिभेची जी दंतकथा पुढे रचली गेली, तिच्या मुळाशी असे इतरांचे हात आहेत, हे नोंदवून ठेवायला हवे.

बोलपटाच्या पहिल्या दशकात तो ब्रिटनचा अग्रगण्य दिग्दर्शक झाला. ‘ब्लॅकमेल’ (१९२९), ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५), ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) हे त्या काळातले चित्रपट. १९३९ मध्ये तो पत्नी व मुलगी पॅट्रिशिया यांच्यासह अमेरिकेला गेला. तिथल्या ‘रेबेका’ या पहिल्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ते निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्याकडे गेले. याच ‘रेबेका’वरून आपल्याकडे १९६४ साली ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शनासाठी हिचकॉकला पाच वेळा नामांकन मिळाले, ऑस्कर एकदाही नाही.

त्याच्या कामाचे सूत्र त्याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ मधल्या दीर्घ मुलाखतीत उलगडून सांगितले. दोघे टेबलाशी गप्पा मारीत बसले आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. परंतु बॉम्ब टेबलाखाली आहे आणि तो किती वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधी कळले, तर त्याच निरर्थक गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. नवशिके दिग्दर्शक नेमके उलट करतात. प्रेक्षकापासून सारे लपवितात, अंधार करतात, संगीत वाढवितात आणि मग दार उघडून कोणालातरी आत आणतात.

‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५१) ची सुरुवात पाहावी. एक टॅक्सी थांबते, दोन रंगांचे भपकेबाज बूट उतरतात. दुसरी टॅक्सी, साधे काळे बूट. एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी पावले चालू लागतात. मग धावत्या गाडीतून दिसणारे रूळ, एकमेकांना मिळणारे आणि छेदणारे. पुन्हा पावले, डब्यातली बैठक, पायावर पाय टाकताना साध्या बुटाचा भपकेबाज बुटाला निसटता स्पर्श, आणि मग प्रथमच चेहरे. एका माणसाच्या आयुष्यात अनर्थ शिरला तो बुटाच्या टोकाला लागलेल्या एवढ्याशा धक्क्याने. यात महागडे काय आहे? दोन जोडी बूट आणि जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा. कॉलेजातल्या मुलांनाही हे एका दुपारी चित्रित करता येईल. अवघड आहे ते आधी सुचणे आणि कोणत्या चित्रानंतर कोणते चित्र हे पक्के ठरविणे.

‘रिअर विंडो’ (१९५४) ला मात्र पैसा लागला. पॅरामाउंट स्टुडिओत अख्खी इमारतींची ओळ आणि मधले अंगण उभारण्यात आले होते. परंतु सलामीचे तत्त्व तेच आहे. कॅमेरा अंगणातून फिरतो : मांजर, दाढी करणारा शेजारी, उकाड्यामुळे बाहेर झोपलेले जोडपे, नव्वदीपार गेलेला तापमापक. मग घामेजलेला झोपी गेलेला नायक, त्याच्या पायाचे प्लास्टर, मोडलेला कॅमेरा, उलटणाऱ्या शर्यतीच्या मोटारीचे छायाचित्र. या माणसाचा व्यवसाय काय, पाय कसा मोडला, तो घरी का अडकला, सारे कळले आणि कोणीही कोणाला काही सांगितले नाही. नाटकाची सवय असलेल्या आपल्या चित्रपटांत हेच सांगायला शेजारच्या काकूंना चहा घेऊन यावे लागले असते.

‘व्हर्टिगो’ (१९५८) ची नामावली सॉल बास याने केली : स्त्रीचा चेहरा, डोळा आणि डोळ्यातून उमलणारी वलये. तिच्यानंतर एक आडवी लोखंडी दांडी आणि तिला पकडणारा हात. सॅन फ्रान्सिस्कोच्या छपरांवरचा पाठलाग. पन्हाळीला लोंबकळणारा नायक. त्याला वाचवू पाहणाऱ्या पोलिसाचा मृत्यू. नायकाची सुटका कशी झाली हे हिचकॉक दाखवीतच नाही. पुढच्या दृश्यात तो मैत्रिणीच्या घरी बसलेला आहे. तरीही पुढचा सारा चित्रपट प्रेक्षकाला तो अजून तिथेच लोंबकळत असल्यासारखे वाटत राहते. प्रदर्शनावेळी थंड प्रतिसाद मिळालेल्या या चित्रपटाला ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात २०१२ साली पहिले स्थान मिळाले.

एव्हाना दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे त्याचा चेहरा घरोघरी पोहोचला होता. ‘सायको’ (१९६०) करायला पॅरामाउंट नाखूश होती, तेव्हा त्याने मानधनाऐवजी मालकीतला मोठा वाटा घेतला, मालिकेतलेच बरेचसे तंत्रज्ञ बरोबर घेतले आणि सुमारे आठ लाख डॉलर्समध्ये कृष्णधवल चित्रपट केला. रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीची सुरुवात मोटेलमालकापासून होते. पटकथालेखक जोसेफ स्टेफानोने ती मॅरियन या तरुणीपासून करण्याचे सुचविले. फिनिक्स शहरावरून कॅमेरा सरकत एका हॉटेलच्या अर्धवट पडदा ओढलेल्या खिडकीत शिरतो. हे दृश्य हेलिकॉप्टरमधून एकसलग घ्यावे असा बेत होता. ते हलके आले, म्हणून तुकडे जोडावे लागले. पडद्यावर शहराचे नाव, वार, ११ डिसेंबर ही तारीख आणि दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे अशी वेळ उमटते. वेळेमुळे कळते की, ही तरुणी जेवणाच्या सुट्टीत प्रियकराला भेटते आहे, तिला दुसरी सवडच नाही. आणि तारीख? फिनिक्समध्ये घेतलेल्या चित्रणात रस्त्यावर नाताळची सजावट आली होती. ती झाकणे शक्य नव्हते, म्हणून डिसेंबर. ज्या काटेकोरपणाचे आपण कौतुक करतो, त्यातला एक भाग अशी निस्तरलेली अडचण होती.

सारे आधीच कागदावर तयार असते आणि चित्रीकरण ही केवळ हमाली, असा समज हिचकॉकने स्वतःच पसरविला. त्याचे कागद तपासणाऱ्या अभ्यासकांना मात्र वेगळे आढळले. तो सेटवर बदल करी, पर्यायी चित्रण घेई. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधल्या विमानाच्या प्रसिद्ध दृश्याचे काही स्टोरीबोर्ड तर चित्रीकरणानंतर प्रसिद्धीसाठी काढून घेतलेले होते. आराखड्याला बांधील राहण्यापेक्षा, आराखडा पाठीशी असल्यामुळे बिनधास्त बदलता येणे, हे त्याच्या कामाचे अधिक खरे वर्णन ठरेल.

नियंत्रणाच्या या ओढीला काळी बाजूही होती. ‘द बर्ड्स’ (१९६३) आणि ‘मार्नी’ (१९६४) या चित्रपटांची नायिका टिप्पी हेड्रन हिने २०१६ साली प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात त्याच्यावर लैंगिक छळाचे व आपली कारकीर्द रोखून धरल्याचे आरोप केले. त्याला जाऊन तोवर बराच काळ लोटला होता, आणि त्याच्याबरोबर काम केलेल्या काहींनी आपला अनुभव निराळा असल्याचे सांगितले. पण पडद्यावर स्त्रियांना भयभीत करण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याकडे पाहताना हे आरोप बाजूला सारता येत नाहीत. चित्रपट मोठे आहेत म्हणून माणसाला सूट देण्याचे कारण नाही.

‘फ्रेन्झी’ (१९७२) साठी तो लंडनला परतला. आकाशातून टेम्स नदीवर उतरणारा कॅमेरा, टॉवर ब्रिज, नदीकाठी प्रदूषणमुक्तीचे भाषण, टाळ्या, आणि त्याच नदीतून गळ्याभोवती टाय आवळलेले प्रेत वाहत येते. वयाच्या बहात्तराव्या वर्षीही सलामीतला खट्याळपणा शाबूत होता. कथा घडते कव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात. भाजीवाल्याचा मुलगा फिरून पोत्या-टोपल्यांत आला होता.

१९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्याला जीवनगौरव दिला. आभार मानताना त्याने चौघांचा उल्लेख केला : एक संकलक, एक पटकथालेखिका, आपल्या मुलीची आई आणि एक सुगरण. चौघींचे नाव एकच होते, अल्मा रेव्हिल. ‘सायको’ची अंतिम प्रत पाहताना, मृत दाखविलेल्या नायिकेची किंचितशी हालचाल फक्त तिच्याच नजरेला आली होती, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पडद्यावर तिचे नाव मात्र अनेकदा आलेच नाही.

त्या काळात तो ‘द शॉर्ट नाइट’ या हेरकथेवर काम करीत होता. लंडनच्या तुरुंगातून एक हेर पळून जातो, या प्रसंगाने तिची सुरुवात होणार होती. लेखक बदलत गेले, संधिवाताने हिचकॉकला चालणे अशक्य झाले, अल्मा अंथरुणाला खिळली. तरी डेव्हिड फ्रीमन या तरुण लेखकाबरोबर बसून तो एकेक दृश्य आखीत राहिला. १९७९ मध्येच त्याने युनिव्हर्सल स्टुडिओतले आपले कार्यालय बंद केले. १९८० च्या प्रारंभी ब्रिटनने त्याला ‘सर’ हा किताब दिला, आणि २९ एप्रिल १९८० रोजी लॉस एंजेलिसमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. पटकथा पुढे फ्रीमनने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तुरुंगाच्या भिंतीवरून उतरणारा तो हेर कोणीही चित्रित केला नाही.